गच्चीवर मिरचीचं नवं वाण: रोपं आणि आई-बाप निवडताना

मला हवी आहे लवंगीसारखी झणझणीत, पण भज्यांच्या मिरचीसारखी जाड सालीची मिरची, आणि ती नाशिकच्या इंदिरानगरमधल्या गच्चीवर बारा इंची कुंडीत तग धरणारी हवी. त्यासाठी दोन मिरच्यांचा संकर करायचा, म्हणजे एकीचा (बापाचा) पराग दुसरीच्या (आईच्या) फुलाला लावायचा. तुम्हाला दुसरं काही हवं असेल. जे हवं ते बी टाकण्याआधी वहीत लिहा, नाहीतर पुढे प्रत्येक रोप आवडायला लागतं आणि एकही उपटवत नाही.

बी शक्यतो गावरान घ्या. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पूर्ण लाल झालेली मिरची शोधा, हिरवीतलं बी कच्चं असतं. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं बी आई-बाप म्हणून नको. त्याच्या पुढच्या पिढीत गुण आधीच विखुरतात, मग कुठला गुण कुणाकडून आला याचा पत्ता लागत नाही.

संकरासाठी मी ऑगस्टच्या सुरुवातीला, पत्र्याच्या आडोशाला बी टाकते. मग दिवाळीच्या आसपास फुलं येतात. तेव्हा पाऊस उघडलेला असतो आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्याही सुरू झालेल्या नसतात. रात्रीचं तापमान 15 अंशांखाली गेलं की फळधारणा मंदावते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळतात.

गिरणारे-दिंडोरीकडच्या रोपवाटिकांत टोमॅटोच्या रोपांचे खणाखणांचे काळे प्रो-ट्रे वापरतात, तसा एखादा मिळवा आणि साबणाने धुऊन घ्या. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत. एका खणात एकच बी, अर्धा सेंटीमीटर खोल, आणि वरून प्लास्टिक झाका. ऊब असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. दिसले की वरचं प्लास्टिक त्याच दिवशी काढा आणि ट्रे उजेडात आणा. पाणी झारीने वरून घालू नका, ट्रे परातीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि उचला. सतत ओल राहिली की मर लागते. देठ मातीलगत काळपटून दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. असं रोप वाचवायच्या फंदात पडू नये.

ट्रेमधलं सगळ्यात उंच रोप बघून बरेच जण खूश होतात. ते बहुतेक वेळा उजेडासाठी ताणलेलं असतं. ठेंगणं, जाड देठाचं, पानं जवळजवळ असलेलं रोप चांगलं. मात्र इथे विजेता ठरवू नका, फक्त उशिरा उगवलेली आणि वेडीवाकडी काढून टाका. बाकीची पाच-सहा आठवड्यांनी कुंड्यांत, प्रत्येकीला पाटी लावून.

आता खरी निवड. पहिली चाळणी बोकड्याची, म्हणजे पानं चुरडण्याच्या रोगाची. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी सगळ्या कुंड्यांवर येतात, पण काही झाडांची पानं चुरडतात आणि शेजारच्याची बऱ्यापैकी सरळ राहतात. मला ते शेजारचं हवं, त्याची फळं थोडी लहान असली तरी. एकाच देखण्या फळावर भाळू नका, झाड बघा. तिखटपणा जोखताना बी चावून उपयोग नाही, तो आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. पाण्याचा ताण पडलेल्या कुंडीतली मिरची बऱ्याचदा जास्त जळते, म्हणून आठवडाभर सगळ्यांना सारखं पाणी द्या आणि एका झाडाची दोन-तीन फळं चाखा. (ताक जवळ ठेवा. पाण्याने आग जात नाही.)

आई मी फिकी (कमी तिखट), जाड सालीची घेते आणि बाप लवंगी. कारण हिशेबी आहे: मिरचीचं फूल बहुतेकदा स्वतःच्याच परागाने फळतं. पुढच्या पिढीतलं झाड आईसारखंच फिकं आणि मोठ्या फळांचं निघालं, तर संकर झालाच नाही हे लगेच कळतं.

आईच्या झाडावरची फुगलेली, पांढरी, पण न उमललेली कळी निवडा. बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला करून आतले निळसर-जांभळे परागकोश एकेक काढा. त्यांवर पावडर दिसली तर ती कळी सोडा, उशीर झाला. मग बापाच्या ताज्या फुलाचा पराग मधल्या दांडीच्या टोकाला लावा, मलमलची इवलीशी पिशवी चढवा, देठाला रंगीत दोरा बांधा. बऱ्याच कळ्या गळतील, म्हणून भरपूर करा. घरात कुणी तंबाखू मळत असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय झाडांना लावू देऊ नका, तंबाखूतून केवड्याचा (पानं पिवळी-हिरवी चट्टेदार करणाऱ्या मोझॅक रोगाचा) विषाणू येऊ शकतो.

फळ झाडावरच लाल होऊ द्या, बी सावलीत सुकवा. गावरान आई-बाप शुद्ध असतील तर त्या बियांची झाडं जवळपास सारखीच निघतात. त्यांत फार निवडत बसू नका, फुलांना पिशवी बांधून त्यांचंच बी धरा. गुण विखुरतात ते त्यापुढच्या पिढीत. दोन्ही हवे असलेले गुण दबून राहणारे असतील, तर ते एकत्र सरासरी 16 झाडांत एकदाच दिसतात. म्हणून त्या वर्षी टोमॅटो-वांगी बाजारातून आणा आणि गच्चीवरची प्रत्येक कुंडी मिरचीला द्या.