सावलीतला दिल्ली दरवाजा कसा उजळावा

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे हिवाळ्यात समोरून फोटो काढला की सूर्य वाड्याच्या मागे राहतो. आकाश लख्ख येतं, पण दारावरचे ते अणकुचीदार खिळे, जे टिपायला आपण गेलेलो असतो, काळोखात बुडतात. मग पूर्ण फोटोचा ब्राइटनेस वाढवला जातो आणि आकाश पांढरंफटक पडतं.

त्याऐवजी फोटोशॉपसारख्या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर नवा लेयर, म्हणजे वेगळा थर घ्या. तो मधल्या राखाडी रंगाने भरा, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८. ब्लेंड मोड, म्हणजे हा थर खालच्या फोटोत मिसळायची पद्धत, सॉफ्ट लाइट ठेवा. फोटो होता तसाच दिसेल, कारण या मोडमध्ये हा राखाडी काहीच बदलत नाही. आता मऊ कडांचा ब्रश घ्या, ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, ५ ते १० टक्के. पांढरा फिरवाल तिथे उजळतं, काळा फिरवाल तिथे गडद होतं. खिळ्यांच्या टोकांवर बारीक पांढरा, त्यांच्या बुडाशी किंचित काळा द्या. लाकडातून लोखंड कसं उठून येतं बघा! हात हळू चालवा, तीन-चार फेऱ्यांत रंग चढू द्या. चुकलं तर त्या जागी पुन्हा राखाडी फिरवा, मूळ फोटो सुरक्षित असतो.

फोटोशॉपच हवं असं नाही, मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही हे सगळं होतं. मात्र फोटो शक्यतो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला तपशील न दाबता ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढा. जेपेग या नेहमीच्या, दाबलेल्या फाइलच्या गडद भागात तपशील कमी उरतो, आणि जास्त उजळलं की दाणे दिसू लागतात.