वजन उतरतंय, पण लिव्हरचे आकडे चढतायत? या चुका टाळा

दोन महिने गोड बंद, रात्रीचं जेवण निम्म्यावर, रोज जिम. वजन 6 किलोंनी उतरलं. मोठ्या हौसेने रक्त तपासून घेतलं, तर लिव्हरच्या तपासणीत आधी 45 असलेला एसजीपीटी आता 90! इतकं सगळं करून लिव्हर बिघडलं की काय, या विचाराने माणूस घाबरतो आणि एकतर व्यायाम सोडतो, नाहीतर 'लिव्हर साफ करणारं' काहीतरी विकत आणतो. पहिल्याने मिळवलेलं जातं आणि दुसऱ्याने कधीकधी खरोखरच लिव्हर बिघडतं. म्हणून आधी हा आकडा कुठून आला ते शोधायला हवं.

रक्त देण्याच्या आदल्या दिवशी जड वजनं

माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. एसजीओटी आणि एसजीपीटी यांना आपण 'लिव्हरची एन्झाइम्स' म्हणतो खरं, पण ती स्नायूंमध्येही असतात. त्यातही एसजीओटी बरंच. सवय नसताना जड वजनं उचलली की स्नायूंच्या पेशींना बारीक इजा होते आणि ही एन्झाइम्स रक्तात उतरतात. हा चढ एका रात्रीत ओसरत नाही, आठवडाभर किंवा त्याहून जास्तही टिकू शकतो. रिपोर्टवर मात्र नाव लिव्हरचं लागतं.

खरा चोर ओळखायला सोपी तपासणी आहे. सीपीके म्हणजे क्रिएटिन कायनेज हे स्नायूंचं एन्झाइम. ते खूप वाढलेलं असेल, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त असेल आणि जीजीटी (लिव्हर आणि पित्तनलिकांचं एन्झाइम) व बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) मात्र जागच्या जागी असतील, तर संशय स्नायूंवर जातो. पुढची तपासणी जड व्यायाम निदान आठवडाभर थांबवून करा. त्या आठवड्यात चालायला हरकत नाही. डॉक्टरांना 'मी जिमला जातो' एवढंच सांगू नका. कधीपासून जाता आणि शेवटचा जड व्यायाम कधी केला, तेही सांगा. नाहीतर हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या होऊन जातात आणि कारण पायांच्या व्यायामात निघतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. जबर व्यायामानंतर स्नायू सुजून प्रचंड दुखत असतील आणि लघवी कोलासारखी गडद होत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे धोका मूत्रपिंडांना असतो.

महिन्यात दहा किलो

लिव्हरला वजन कमी झालेलं आवडतंच. शरीराचं वजन 5 टक्क्यांनी घटलं की लिव्हरमधली चरबी उतरू लागते. 7 ते 10 टक्क्यांवर सूजही कमी होते आणि 10 टक्के किंवा जास्त घटल्यास जुना व्रण, म्हणजे फायब्रोसिस, मागे हटण्याची शक्यता वाढते. 80 किलोच्या माणसासाठी याचा अर्थ साधारण 6 ते 8 किलो. शाळेतल्या वजनावर परत जायची गरज नाही.

बिघडतं ते घाईमुळे. खाणं एकदम तोडलं की शरीर आपल्या साठ्यातली चरबी वितळवतं आणि ती फॅटी ॲसिडच्या रूपात लिव्हरच्या दारात येऊन पडते. आवक इतकी वाढते की काही जणांच्या लिव्हरमध्ये तात्पुरती सूज येते आणि एन्झाइम्स चढतात. याचं टोकाचं उदाहरण वैद्यकशास्त्राने पाहिलेलं आहे. काही दशकांपूर्वी लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून टाकणारी एक बायपास शस्त्रक्रिया केली जायची. वजन झपाट्याने उतरायचं, पण काही रुग्णांचं लिव्हरच निकामी झालं आणि ती शस्त्रक्रिया बंद पडली. (आजच्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत. त्यांनी फॅटी लिव्हर बहुधा सुधारतं.)

घाईचं दुसरं बिल पित्ताशय भरतं. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं की पित्तखडे होण्याचा धोका वाढतो. त्यात जेवणातून तेल-तूप पूर्ण हद्दपार केलं, तर पित्ताशयाला आकुंचन पावायचा निरोपच मिळत नाही आणि पित्त साचून घट्ट होतं. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग कंटाळवाणा वाटतो, पण तोच ठेवा. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले म्हणून हुरळूनही जाऊ नका. त्यात ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, आणि त्याला धरून बसलेलं पाणीच बरंचसं असतं.

ताट रिकामं, ग्लास भरलेला

डाएट म्हणून सकाळी फळांचा रस आणि रात्री सूप घेणारे बरेच असतात. रसात फळातला चोथा जातो आणि साखर उरते. त्यातल्या फ्रुक्टोजचा मोठा भाग लिव्हरलाच हाताळावा लागतो आणि जास्त झालेल्या भागाची तिथे चरबी बनते. एक अख्खं फळ खाताना पोट भरतं. चार फळांचा रस मात्र दोन मिनिटांत पिऊन होतो. मध घातला तरी हिशोब बदलत नाही.

अशा आहारात प्रथिनंही नसतात. लिव्हर चरबी बाहेर पाठवताना ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून पाठवतं. वेष्टनच नसेल तर माल गोदामातच राहतो. प्रथिनांच्या तीव्र कुपोषणात हाडकुळ्या मुलाचंही लिव्हर चरबीने फुगतं, त्यामागे हेही एक कारण आहे. डाळी, कडधान्यं, दही, अंडी, मासे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. साखर न घातलेली कॉफी प्यायला हरकत नाही. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळतो.

आणि हो, रात्री दारू प्यायची म्हणून दिवसभर उपाशी राहून कॅलरी 'वाचवणं' हे गणित लिव्हरला मान्य नाही. दारू आली की लिव्हर आधी तिच्यामागे लागतं आणि चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. उपाशीपोटी पॅरासिटामॉल घेतानाही जपा. त्याचा विषारी अंश निष्प्रभ करणारं ग्लुटाथायोन उपासमारीत आणि दारूने कमी झालेलं असतं.

नैसर्गिक कॅप्सूल

ग्रीन टीचा कप निरुपद्रवी आहे, पण ग्रीन टीच्या अर्काची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये सांगितलं की, पूरक आहारातून रोज 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला एक मुख्य घटक) घेतल्यास लिव्हरची एन्झाइम्स वाढताना दिसतात. गार्सिनिया (कोकमाच्या जातीच्या फळाचा अर्क), अश्वगंधा, काळ्या मिरीच्या अर्कासह दिलेल्या हळदीच्या तीव्र कॅप्सूल, या सगळ्यांमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सगळ्यांनाच होते असं नाही, पण कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही. स्वयंपाकातल्या हळदीला घाबरू नका. मात्र एन्झाइम्स वाढली असतील तर डब्यातली पावडर, गोळ्या, 'फॅट बर्नर' सगळं थांबवा आणि बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नाव आठवत नाही म्हणून हीच माहिती नेमकी राहून जाते.

काटा हलत नाही म्हणून चालणं बंद

वजन तसंच राहिलं तरी नियमित व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते, कारण स्नायू साखर जास्त खेचू लागतात आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देऊ लागतं. आठवड्याला 150 मिनिटं दम लागेल असं चालणं, सायकल किंवा पोहणं, जोडीला दोन दिवस वजनांचा व्यायाम. गुडघे दुखत असतील तर नुसती वजनंही उपयोगी पडतात. सोडून दिलं की फायदाही हळूहळू ओसरतो.

नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त

एसजीपीटी नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असतं, अगदी फायब्रोसिसही. सोनोग्राफीत थोडी चरबी सुटून जाते. व्रणाचा अंदाज हवा तर डॉक्टर फिब-4 काढतात. त्याला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढेच आकडे लागतात. 65 वर्षांखालच्या प्रौढांत तो 1.3 च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. पण यातही एसजीओटी आहे! जिमनंतर लगेच दिलेल्या रक्तावर हा आकडाही फुगतो.

सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर कडक होऊन बसणं) झालेल्यांनी यातलं काहीच स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यांच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा तोकडा असतो, रात्रभराच्या उपासातही शरीर स्नायू मोडून खायला लागतं. म्हणून त्यांना झोपण्याआधी थोडं खायला सांगतात आणि प्रथिनं उलट वाढवतात. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी डोस विचारून घ्यावा. डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात पाणी, अंगाला खाज किंवा बोलण्यात गोंधळ, यांपैकी काही दिसलं तर आठवडाभर थांबून पुन्हा तपासण्याचा सल्ला लागू नाही, लगेच डॉक्टर गाठा.