सिलिंडरशिवाय फिशटँकमध्ये हिरवा गालिचा : नाशिकच्या हवामानासाठी

कार्पेट, म्हणजे टाकीचा तळ झाकणारा बुटक्या रोपांचा गालिचा, हवं म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सुचवला जातो. त्याची गरज नाही. रोप योग्य निवडलं, तळाला माती घातली आणि दिवा बेताचा ठेवला, तर तीन-चार महिन्यांत टाकीचा तळ भरतो.

सगळं गणित कार्बनचं आहे. हवेतून पाण्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड लिटरमागे एक मिलिग्रॅमही भरत नाही; सिलिंडर लावलेल्या टाकीत तो 30 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. दिवा जितका प्रखर, तितकी रोपाची कार्बनची मागणी मोठी. ती भागली नाही की रोप थांबतं आणि तोच उजेड शेवाळाच्या कामी येतो. म्हणून आपल्याला कार्बन मातीतून मिळवायचा आहे आणि उजेड त्याच्या मापात ठेवायचा आहे.

रोपांमध्ये पहिली पसंती मार्सिलियाला द्या. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातखाचरात चार पानांचं जे छोटं नेचं दिसतं, त्याच कुळातलं हे रोप. खाचरातलं मात्र उपटून आणू नका, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. बुटकं सॅजिटेरिया सर्वांत चिवट आहे, बोअरच्या जड पाण्यातही तग धरतं. फक्त उंची 10 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते. हेअरग्रास चालतं, पण वेळ घेतं. मोंटे कार्लो नावाचं रोप प्रयत्नानं जमतं. क्यूबा नावाच्या रोपाचा नाद सिलिंडरशिवाय करू नये.

टाकी 60 × 30 × 30 सेंटिमीटरची धरू. उंची यापेक्षा जास्त नको, तळापर्यंत उजेड पोचत नाही.

माती हा या कामाचा पाया, इथे घाई करू नका. काळी माती टाळा. ती पाण्यात चिकट होऊन घट्ट बसते आणि मुळांना जागा देत नाही. द्राक्षबागेतली तर अजिबात नको. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदामुळे तिच्यात तांबं साचलेलं असतं आणि तांब्यानं गोगलगायी, झिंगे मरतात. नर्सरीतली खत न मिसळलेली तांबडी माती साधारण चार लिटर घ्या, चाळा, त्यात दोन मुठी जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत मिसळा. बादलीत भिजवा, वर तरंगणारा कचरा काढून टाका, पाणी ओता आणि माती उन्हात कोरडी करा. असं तीन-चार वेळा केलं की मातीतून सुरुवातीला सुटणारा, माशांना घातक अमोनिया बराच कमी होतो. हीच माती पुढे हळूहळू कुजत कार्बन डायऑक्साइड सोडत राहते.

मातीचा थर 2 सेंटिमीटर, त्यावर 1 ते 2 मिलिमीटर दाण्याच्या धुतलेल्या वाळूचा 3 सेंटिमीटर. वाळू आठ-नऊ किलो लागेल. आधी मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुन्याचे कण आहेत, दुसरी आणा. मातीचा थर जाड झाला तर आत हवा पोचत नाही, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मुळं काळी पडतात.

लावणीसाठी रोपांच्या पाच-सहा छोट्या कुंड्या पुरतात. मुळांभोवतीचा लोकरीसारखा स्पंज पूर्ण काढा. तीन-चार पानांचे झुबके करून चिमट्यानं तिरपे, 2 ते 3 सेंटिमीटर अंतरावर खोचा. अख्खी कुंडी एका जागी ठेवली की मधली पानं सडतात आणि पसरायला दुप्पट वेळ लागतो. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडत पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं; भरण्याआधी अँटिक्लोर घाला.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं पिवळी पडून विरघळतील. रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर वाढलेली असतात, त्यामुळे हे होतंच. सडकी पानं काढत राहा, रोप उपटू नका. मार्सिलियाचं नवं पान चारऐवजी एकाच पाकळीचं आलं, तर समजा रोपानं जीव धरला.

दिवा 10 ते 12 वॅटचा पांढरा एलईडी, उजेडाची छटा 6500 केल्विन. पहिला महिना रोज सहा तास, नंतर आठ. टायमरवर चार तास चालू, तीन तास बंद, पुन्हा चार तास चालू असं लावलं तर मधल्या वेळात मातीतला वायू पाण्यात पुन्हा साठतो. दिवसा जोराचे बुडबुडे सोडू नका, साठलेला वायू निघून जातो. फिल्टरनं पाणी हलकं फिरलं तरी पुरे.

पहिला महिना आठवड्याला चतुर्थांश पाणी बदला, पुढे पंधरा दिवसांनी. अमोनिया शून्यावर आल्याशिवाय मासे नकोत. नंतर गप्पी, निऑन टेट्रा थोडे चालतील. गोल्डफिश तळ उकरतो, त्याला या टाकीत जागा नाही.

एप्रिल-मेमध्ये टाकी 30 अंशांपुढे गेली की रोपं मलूल होतात. नाशिकची तेव्हाची हवा कोरडी असल्यानं पाण्यावर छोटा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी रोज भरा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा दिवा सहा तासांवर आणा. निऑनसारखे मासे असतील तर हीटर हवाच.

केसाळ शेवाळ दिसलं तर आधी दिवा दोन तासांनी कमी करा, औषधं टाकत बसू नका. रोप उंच, विरळ वाढतंय म्हणजे उजेड अपुरा. शिरा हिरव्या राहून नवं पान पिवळं पडलं तर लोह कमी आहे, मुळांशी खताची गोळी खोचा. जुन्या पानांना भोकं पडली तर बहुधा पोटॅशियम.

तळ भरल्यावर हेअरग्रास कात्रीनं 2 सेंटिमीटरवर छाटा. सॅजिटेरिया छाटू नका, कापलेलं पान कुजतं. उंच झालेलं रोप मुळासकट काढा आणि त्याच्या धावत्या फांदीवरची पिल्लं उघड्या जागी लावा.