कुत्रा पायावर चढतो? आधीचा मिनिट पाहा

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि आमच्या बंड्याने काकूंच्या पायाला मिठी मारून कंबर हलवायला सुरुवात केली. पोरं खिदळली, काकू संकोचून भिंतीशी सरकल्या. मी बंड्याच्या पाठीत धपाटा घातला. त्या धपाट्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण सारखी वाजणारी बेल, टाळांचा आवाज आणि अनोळखी वास यांनी तो पार गांगरून गेला होता.

आपण याला ‘माजलाय’ म्हणून मोकळे होतो. पण कोवळी पिल्लंही खेळता खेळता एकमेकांवर चढतात. माद्या चढतात, नसबंदी झालेले नरही चढतात. बऱ्याचदा अंगात मावेनाशी झालेली खळबळ अशी बाहेर पडते, मग ती आनंदाची असो, भीतीची असो वा कंटाळ्याची. तुमच्यावर हुकमत गाजवायला तो हे करतो, ही समजूत मनातून काढून टाका.

सगळ्यात आधी दुखणं नाही ना, याची खात्री करा. हे वागणं अचानक सुरू झालं असेल, तो सारखा लघवीला जात असेल किंवा खालचा भाग चाटत असेल, तर पशुवैद्याला दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा त्वचेची खाजही यामागे असू शकते. बाहेर आलेलं लिंग आत जात नसेल तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

मग आठवडाभर वहीत नोंद ठेवा. किती वाजता, कोणावर चढला, त्याच्या आधी काय चाललं होतं? बंड्याच्या वहीत बहुतेक प्रसंग संध्याकाळचे निघाले, फिरायला न्यायला उशीर झाला त्या दिवसांचे. आधीचा मिनिट नीट पाहिला तर खुणाही दिसतात: धापा टाकत भोवती फेऱ्या, मांडीवर पंजा किंवा हनुवटी. त्याला वळवायची वेळ हीच. एकदा चढला की त्याचे कान बंद होतात.

वळवायचं कुठे, हे मात्र त्याला आधी शिकवावं लागतं. मी एक जुनी चटई घेतली. घर शांत असताना रोज दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं. चारही पाय चटईवर आले की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. ते जमलं की तिथे बसल्यावर, मग आडवा झाल्यावर. हे अंगवळणी पडलं की घरातल्या कोणालातरी बेल वाजवायला सांगा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. खरे पाहुणे अगदी शेवटी. घाई केलीत तर सगळं विस्कटतं.

तरीही चढलाच तर ओरडू नका, हसूही नका. त्याला दोन्हींत मजा वाटू शकते. पाय सोडवून घ्या आणि पाठ फिरवा. पाहुणे येणार असतील तेव्हा पट्ट्याला हलकी दोरी लावून ठेवली, तर झटापट न करता बाजूला नेता येतं. तिथे जमिनीवर खाऊचे चार दाणे विखरा. नाकाला काम मिळालं की बरेच कुत्रे निवतात.

एकटाच उशीवर चढून थोड्या वेळाने आपला आपण थांबत असेल, तर खुशाल दुर्लक्ष करा. दुसऱ्या कुत्र्यावर चढला आणि तो गुरगुरला किंवा शेपूट पायांत घालून आकसला, तर मात्र लगेच वेगळं करा. माजावर आलेल्या कुत्रीपासून नर दोन-तीन आठवडे लांबच ठेवावा.

नसबंदीने बऱ्याच नरांमध्ये हे कमी होतं, सगळ्यांमध्ये नाही. हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातात आणि मुरलेली सवय त्यानंतरही उरू शकते. योग्य वय जातीनुसार बदलतं, ते पशुवैद्याशी बोलून ठरवा.

पाहुण्यांनाही तयार करावं लागतं. यंदा काकूंना मी फोनवरच सांगितलं, आल्याआल्या त्याच्याशी बोलू नका, हातही फिरवू नका. त्या येण्याआधी बंड्याला अर्धा तास फिरवून आणलं. बेल वाजली, तो दोनदा भुंकला आणि चटईवर जाऊन बसला. गणपतीत घरात चिकन नव्हतं, म्हणून काकूंनी त्याच्यापुढे पनीरचा तुकडा ठेवला.