आधी टाकीचं झाकण उघडून बघा

दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, तो गाड्यांसाठी. काम मिळालं ते रत्नागिरीत, गवत कापायची मशिनं दुरुस्त करणाऱ्या दुकानात. तेव्हा मन खट्टू झालं होतं. आता या लाईनीत येऊ पाहणारा कुणी मुलगा विचारायला आला की मी सांगतो, वर्षभर तरी लहान इंजिनावर हात बसव. एक सिलेंडर, एक प्लग, एक कार्बोरेटर. बिघाड लपायला जागाच नसते.

पहिल्याच मोसमात एका मैदानावरचं लॉनमोअर आलं. दहा-पंधरा मिनिटं छान चालायचं, मग गुदमरल्यासारखं होऊन बंद. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा चालू. मी प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला. तक्रार तीच. मिस्त्रींनी मशीन बंद पडू दिलं आणि लगेच टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली, आणि पुढच्या ओढीला इंजिन चालू! झाकणातलं हवेचं भोक मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. ती न आल्याने टाकीत निर्वात पोकळी तयार होत होती. मी दोन दिवस घालवले होते, कारण मी तपासत नव्हतो, बदलत होतो.

त्यानंतर मी क्रम कधी मोडला नाही: स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते). काढलेला प्लग लगेच पुसू नका, तो आधी बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. कॉम्प्रेशन कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट बघा.

पाऊस ओसरून बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, सुरू झाली की ग्रास कटरची रांग लागते. बरीचशी मशिनं टाकीत तसंच राहिलेल्या पेट्रोलने बसलेली असतात. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं साचतं. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवा. गिऱ्हाइकाला हे न विचारता सांगा.

पुढे गाड्यांच्या गॅरेजला लागलो. एक गाडी आली: चेकलाईट पेटलेली, ॲव्हरेज घसरलेलं, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवणारं. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी0171, म्हणजे मिश्रण पातळ. आधीच्या गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलला होता, आणि मालकाचे पैसे गेले होते. कोड पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. मी फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलला खूप वर, 2500 आरपीएमला जवळपास नॉर्मल. याचा अर्थ कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय: आयडलला एकूण हवाच थोडी, म्हणून चोरून आलेली हवा तिथेच जास्त नडते. उलट, लोड वाढेल तसा ट्रिम चढत गेला असता तर मी पेट्रोलचं प्रेशर बघितलं असतं. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागे एक रबरी होज खालच्या बाजूने चिरलेला सापडला. तो बदलल्यावर ट्रिम जागेवर आला.

ॲव्हरेजची तक्रार मात्र दरवेळी इंजिनाची नसते. टायरची हवा बघा, चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक धरून राहिलेला असतो. इंजिन नीट तापतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा रस्ता उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असू शकतो, आणि थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं.

पहिल्या पगारातून फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), मल्टीमीटर आणि कॉम्प्रेशन गेज घ्या, आणि एक वही. तक्रार, काय मोजलं, आकडा किती आला, शेवटी काय निघालं, एवढं रोज लिहा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते लॉनमोअर आहे.