कॅडेन्सवाला वायरलेस सायकल कॉम्प्युटर घ्यायचाय, तेही स्वस्तात?

सिंहगड किंवा बोपदेव घाट चढताना बरेच जण जड गिअरच रेटत बसतात आणि वर पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागतात, म्हणून मी सांगेन की स्पीडपेक्षा कॅडेन्स बघायची सवय लावा, म्हणजे मिनिटाला क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) किती वेळा फिरतोय ते. सपाटीला ८०-९० च्या आसपास असलं की छान, घाटात कमी होणारच, पण आकडा ५५-६० च्या खाली गेलेला दिसला की लगेच गिअर हलका करता येतो.

आता घेताना काय बघायचं. जीपीएस स्पीड आणि अंतर सांगतो, कॅडेन्स त्याला कळूच शकत नाही, त्यासाठी वेगळा सेन्सर लागतोच लागतो. आणि जाहिरातीत 'कॅडेन्स सपोर्ट' लिहिलंय म्हणजे सेन्सर बॉक्समध्ये आहे असं अजिबात समजू नका, बॉक्समध्ये काय काय येतं ते नीट वाचा आणि दोन्हीची मिळून किंमत धरा. मॉडेलचं नावही पूर्ण वाचा, एक्सॉस कंपनीचे जी आणि जी प्लस हे कॉम्प्युटर दिसायला सारखेच आहेत पण सेन्सर जोडता येतो तो जी प्लसला.

एकदम स्वस्तातले जुन्या पद्धतीचे वायरलेस मीटर माझ्या मते सोडूनच द्या, त्यांचा सिग्नल जेमतेम हातभर पोचतो, त्यामुळे पुढच्या फोर्कवरचं स्पीड मिळतं पण क्रँकपासून हँडलपर्यंत बोंब, शिवाय जवळ एलईडी लाइट लावला की आकडे वेडेवाकडे यायला लागतात. अँट प्लस (ब्लूटूथसारखीच सेन्सर बिनवायरचा जोडायची पद्धत) किंवा ब्लूटूथवालाच घ्या. उद्या कॉम्प्युटर बदललात तरी तोच सेन्सर चालतो, पैसे वाया जात नाहीत.

सेन्सरमध्ये मॅग्नेट नसलेला बघा, क्रँकच्या आतल्या बाजूला रबर बँडने बसतो, फक्त पेडल हाताने उलटं फिरवून फ्रेमला घासत नाही ना ते तपासा. मजीन कंपनीच्या एस ३ प्लससारखे काही सेन्सर स्पीड आणि कॅडेन्स दोन्ही मोजतात पण एका वेळी एकच, बॅटरी काढून परत घातली की मोड बदलतो, त्यामुळे आकडा येतच नसेल तर आधी मोड बघा, उगाच रिटर्न टाकू नका.

पेअरिंग घरीच उरका. रविवारी पहाटे ग्रुप जमल्यावर करायला गेलात तर शेजारच्याचा सेन्सर पकडला जातो आणि तुम्ही थांबलेले असताना कॅडेन्स ९० दाखवतं! सेटिंगमध्ये सरासरी काढताना शून्य धरायचं नाही असा पर्याय असेल तर तोच ठेवा, नाहीतर सिंहगड रोडचे सिग्नल सगळी सरासरी खाली ओढतात.

वॉटरप्रूफ आयपीएक्स ७ (थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालेल असं रेटिंग) असलेला बरा. सेन्सरमध्ये बहुतेक सीआर २०३२ सेल असतो, कुठेही मिळतो, पण बदलताना झाकणाची रबरी रिंग नीट बसवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत गेलंच म्हणून समजा.