दिवसभर टेबलाशी बसून आलेला पोक कसा घालवायचा

घरोघरी आई-आजी "पोक काढून बसू नको, ताठ बस" असं सांगत आल्या आणि आपण दोन मिनिटं ताठ बसून परत होतो तसेच. ह्यात आळस वगैरे काही नाही हो. स्क्रीन खाली असेल तर शरीर स्क्रीनकडेच वाकणार, त्याला कितीही बजावा, आणि पाठीत ताकद नसेल तर ताठ बसलेलं टिकणारच नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी टेबल-खुर्ची, मग दिवसभरातली उठबस, मग व्यायाम. बहुतेक जण सगळ्यात आधी ऑनलाइन पाठीचा पट्टा मागवतात, तो चार दिवस बरा वाटतो पण स्नायूंचं काम पट्टाच करतो, त्यामुळे काढला की पाठ पुन्हा जैसे थे.

आधी तपासून घ्या

भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, कुल्ले आणि खांद्याची पाती भिंतीला टेकलेली. आता हनुवटी वर न उचलता डोकं मागे टेकतंय का बघा. टेकत नसेल तर मान पुढे आलीय. घरातल्या कोणाकडून तरी बाजूने एक फोटो काढून घ्या, पुढे फरक कळायला तोच कामाचा.

टेबल आणि खुर्ची

खरी गोम इथे आहे. बाजारातलं साधारण टेबल 29-30 इंच उंच असतं, डायनिंग टेबलही तेवढंच. सव्वापाच फुटाच्या माणसाला, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना तर हमखास, हे उंच पडतं, मग कोपर टेबलावर ठेवायला खांदे कानाकडे चढतात आणि संध्याकाळी मान-खांदा धरून बसायची वेळ येते. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्यायची, इतकी की खांदे सैल सोडल्यावर कोपर की-बोर्डच्या बरोबरीला आलं पाहिजे. आता पाय लटकतील. पाय लटकले की माणूस खुर्चीच्या कडेला सरकतो आणि पाठ टेकायची राहूनच जाते, म्हणून पायाखाली जेवायचा लाकडी पाट ठेवा, कमी पडला तर दोन. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत.

मागे सरकून बसा, गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेत दोन-तीन बोटं जागा हवी. कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी द्या, बेल्टच्या जरा वर. आणि अगदी काटकोनात बसायचा हट्ट नको, पाठ किंचित मागे रेललेली जास्त आरामाची.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली. चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर अजून खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करून मान मागून दुखते. लॅपटॉपचं दुखणं असं की स्क्रीन बरोबर केली तर हात वर जातात आणि हात बरोबर केले तर मान खाली, त्याला एकच उपाय, लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणि वेगळा की-बोर्ड-माऊस, पाच-सातशे रुपयांत काम होतं. बडोद्यात घरून काम करणारे हिंचक्यावर (म्हणजे झोपाळ्यावर) लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात ना, ते प्लीज बंद करा! हिंचका हलता, पाय अर्धवट टेकलेले, डोकं पूर्ण खाली. डोकं साधारण पाच किलोचं असतं, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेवर भार वाढत जातो. हिंचका चहाला ठेवा.

मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढून बसा, त्याने कंबर एका बाजूला कलते.

उठबस

परफेक्ट बसणं असं काही नसतं, कितीही छान बसलात तरी तासन्‌तास एकाच जागी म्हणजे पाठ आखडणारच. दर अर्ध्या तासाने उठा, एक-दोन मिनिटं पुरे. लिटरची बाटली जवळ ठेवू नका, छोटा पेला ठेवा म्हणजे पाण्याला उठावंच लागतं, फोन आला की चालत बोला, चहा टेबलावर मागवण्यापेक्षा खाली लारीवर, म्हणजे चहाच्या गाडीवर, जाऊन प्या.

व्यायाम

रोज दहा-पंधरा मिनिटं. सगळ्यात महत्त्वाचा मानेचा: समोर बघत हनुवटी सरळ मागे ढकला, खाली नाही, वर नाही, फक्त मागे, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसली की बरोबर जमलं. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहादा. स्कूटरवर सिग्नलला थांबलात तरी होतो.

मग दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवून एक पाऊल पुढे, छाती ताणली जाईल, 30 सेकंद. नंतर भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवायचे, मनगटं भिंतीला लागूनच. एक गुडघा जमिनीवर, एक पाय पुढे ठेवून मांडीचा पुढचा भाग ताणायचा, कारण बसून बसून तो आखडलेला असतो. शेवटी उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, 10-12 वेळा.

आपल्याकडे बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची, म्हणजे जुन्या आखाड्याची, आणि तिथल्या व्यायामगुरू माणिकरावांची परंपरा, त्यामुळे घरातले मोठे "दंड मार" सांगतात. दंड चांगलेच, पण ते छातीला आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला जास्त काम देतात आणि टेबलवाल्याचे खांदे आधीच पुढे आलेले असतात, म्हणून जोडीला ओढायचे व्यायाम हवेतच. रबर बँड खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे खेचा, पाती एकमेकांजवळ आणा. नाहीतर पिशवीत दोन किलो पीठ घालून वाकून उचला, पाठ सरळ ठेवून.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे धरा, ताण कमी झाल्यासारखं त्याआधीच वाटेल. उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला गच्चीवर पतंग उडवत दोन दिवस वर बघून ज्यांची मान धरते त्यांनी तर नोव्हेंबरातच सुरू करावं.

हाताला मुंग्या येत असतील, बोटांची पकड सुटत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालं असेल किंवा दुखण्यासोबत ताप, वजन कमी होणं असं काही असेल तर हे व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद एकदम कमी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा, सकाळची वाट बघू नका. नुसतं आखडलेलं असेल आणि घरी जमत नसेल तर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा जाऊन व्यायाम समोर करून घ्या, बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथेही विचारता येईल.